चाकणकरांनी आता उडावे

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणीही झाली. चाकणच्या तळेगाव चौकात रोज वाहतूक कोंडीत अडकून शिफ्ट चुकणाऱ्यांनी हा आदर्श घ्यावा. गच्ची नसेल, तर पत्र्याचे छप्पर आहेच; उरलेले पत्रे पंखांना होतील.

विमानात रिसीव्हर मात्र दोन हवेत. एक रहदारीचा: १०९० मेगाहर्ट्झवर तो आसपासच्या विमानांचे स्थान, उंची आणि वेग ऐकतो. दुसरा हवामानाचा. अमेरिकेत ही माहिती ९७८ मेगाहर्ट्झवर फुकट मिळते. आपल्याकडे खिडकीतून हात बाहेर काढावा, तेही फुकटच.

विमानतळाची चिंता नको. चाकणचा विमानतळ कितीतरी वर्षे कागदावर सुरळीत चालला. २०१६ मध्ये तो पुरंदरला हलवला, तेव्हा एकही उड्डाण रद्द करावे लागले नाही!

उरला प्रश्न आंबेठाण चौकातल्या कंटेनरांचा. त्यांच्यावरही विमानांसारखे आपले स्थान, उंची आणि वेग कळवणारे ट्रान्सपाँडर बसवावेत. पडद्यावर दिसेल: उंची शून्य, वेग शून्य. वैमानिक त्यांना इमारती समजून पुढे जाईल आणि नगरपरिषद घरपट्टी लावेल.