वीस टीबीचा संसार
वीस टीबीची हार्ड डिस्क जोडली की विंडोज ती सुमारे १८.२ दाखवतं. कंपनी मोजते १००० ने, विंडोज १०२४ ने. पैसे मोजतो आपण. मग चोखंदळ मंडळी डिस्क सीएमआर प्रकारची की एसएमआर यावर भांडतात. एसएमआरमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहा. म्हणून पट्ट्या सुट्या ठेवणारी सीएमआर, तीही हेलियम भरलेली आणि एक नव्हे, दोन. रेड-१ लावलं, म्हणजे एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर, की घरमालक निर्धास्त. चुकून पुसलेला मुंजीचा व्हिडिओ तेव्हा दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो, विलंब नाही! एवढ्या बंदोबस्तात ‘अशी ही बनवाबनवी’च्या तीन प्रती सुखरूप असतात. घरचे मात्र तो टीव्हीवर लागला की बघतात, जाहिरातींसकट.