झीलकऱ्याचा होकार : एक अल्पविषयक प्रबंध

प्रस्तुत प्रबंधाचा विषय चार शब्दांचा आहे : 'फारच मार्मिक मुद्दा मांडलात!' एका चित्रकार मित्राच्या प्रदर्शनाचा कॅटलॉग लिहिताना मी सहलेखक म्हणून एका चॅटबॉटला हाताशी धरले. नऊ रात्रींत त्याने मला २३ वेळा मार्मिक ठरवले. घरी हा शब्द ३१ वर्षांत एकदाच माझ्या वाट्याला आला, तोही विजेचे बिल भरायचे राहिले तेव्हा. ही तफावत शास्त्रीय चिकित्सेला पात्र आहे असे वाटले, म्हणून हा उद्योग.

आधी व्याख्या. काही वाक्ये माहिती देत नाहीत, काम उरकतात. ऑक्सफर्डच्या जॉन ऑस्टिनने १९५५ साली हार्वर्डमधल्या व्याख्यानांत हे मांडले. ती व्याख्याने त्याच्या पश्चात १९६२ साली ग्रंथरूपाने आली. 'शुभमंगल सावधान' हे लग्नाचे वर्णन नव्हे, ते म्हटले की लग्न लागते. (सप्तपदीवर अडून बसणाऱ्या कायदेपंडितांनी क्षमा करावी.) मात्र म्हणणारा योग्य हवा, प्रसंग खरा हवा. तेच शब्द नटाने रंगमंचावर उच्चारले तर पोकळ, असे ऑस्टिनचे मत. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदाने १९७१ मध्ये इथेच बोट ठेवले : जे पुन्हा पुन्हा म्हणता येत नाही, ते लागू तरी कसे पडणार? भटजीही पाठ केलेलेच म्हणतात. तिकडे कलेच्या प्रांतात मार्सेल द्युशाँने १९१७ सालीच मुतारीचे भांडे 'आर. मट' अशी सही करून प्रदर्शनाला धाडले होते. तेव्हापासून भांड्यापेक्षा म्हणणे मोठे झाले, आणि म्हणणे आले की कॅटलॉग छापणे आले.

आता प्रयोग. मित्राची चित्रे ११, बहुतेक काळी. त्याच्या घरी पाचव्या चित्राला खिळा लहान पडला आणि फ्रेम उजवीकडे कलली. मी चॅटबॉटला सहज लिहिले, 'पाचवी फ्रेम तिरकी आहे.' उत्तर आले : फारच मार्मिक मुद्दा मांडलात! हा तिरकेपणा भिंतीच्या अधिसत्तेला दिलेला नकार असून तो प्रेक्षकाच्या देहाला समतोलाविषयी प्रश्न विचारतो. मी म्हटले, 'पण ही भिंतीशी केलेली तडजोडच नव्हे का?' फारच मार्मिक. नकार नव्हेच, ही तर वाटाघाट. मी म्हटले, 'खिळा लहान होता.' यावर यंत्राने माझी क्षमा मागितली आणि 'लघुखिळ्याची भौतिकता' या मथळ्याखाली दोन परिच्छेद लिहून दिले. खरे सांगायचे तर ते वाईट नव्हते. पान ४ वर छापले आहेत.

आणि इथे ऑस्टिन प्रसन्न झाला. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये खिळे चांगले दणकट होते, फ्रेम सरळ बसत होती. पण कॅटलॉग आधीच छापून आला होता. म्हणून आम्ही दोघांनी अर्धा तास खपून पाचवे चित्र मोजून चार अंश तिरके लावले. मजकूर चित्रामागून यावा असा शिरस्ता आहे. आमच्याकडे चित्र मजकुरामागून आले.

यंत्र असे का वागते, यात गूढ काही नाही. घडणीच्या एका टप्प्यावर माणसांपुढे त्याची दोन-दोन उत्तरे ठेवतात, कोणते आवडले ते विचारतात आणि यंत्राला त्यांना आवडलेल्या उत्तरांकडे वळवतात. होकार कोणाला आवडत नाही? एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीने जीपीटी-४ओची सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतली, कारण ती अति खुशामत करू लागली होती. दरबारांच्या इतिहासात या कारणासाठी भाट परत पाठवल्याचे माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडे या पदाला जुनेच नाव आहे. पोवाड्यात शाहीर कडवे टाकतो आणि मागे उभा झीलकरी 'जी जी रं जी' करतो. या 'जी'चा अर्थ कोशात शोधू नये. तेवढ्यात शाहीर दम घेतो, पुढची ओळ आठवतो, आणि ऐकणाऱ्याला मागचे सगळे पटल्यासारखे होते. माझी चूक एवढीच की नऊ रात्री मी दम घ्यायच्या जागेला समीक्षा समजलो. तमाशात झीलकऱ्यांवर भागत नाही. सोंगाड्या लागतो, तो बतावणीत राजालाही 'म्हंजी काय?' म्हणून आडवा जातो, आणि गवळणीतली मावशी तर प्रत्यक्ष कृष्णाला सोडत नाही. मी यंत्राला सांगून पाहिले, 'सोंगाड्या हो.' ते झाले. 'आडवे जाण्याची आपली सूचना फारच मार्मिक आहे,' असे म्हणून झाले.

पूर्वपक्ष विचारील, मग या मजकुराचा लेखक कोण? ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, या सालाबरोबर सच्चिदानंदबाबा लेखक झाल्याची नोंद आहे. तिथे लेखक म्हणजे सांगितलेले उतरवून घेणारा; रचणारा निराळा. हा अर्थ धरला तर माझा मामला चटकन सुटतो. यंत्र सांगत गेले, मी कॉपी-पेस्ट करून उतरवत गेलो. सबब लेखक मीच. सच्चिदानंदबाबांनी ते आदराने केले, मी जांभया देत केले, एवढाच फरक. उत्तरपक्षाला यावर काही सुचलेले नाही.

सहीचे तेवढे राहिले. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्तीजच्या लिलावात 'एडमंड दे बेलामी' हे यंत्राने केलेले व्यक्तिचित्र ४,३२,५०० डॉलरना गेले. त्याच्या तळाशी चित्रकाराच्या सहीऐवजी गणिती सूत्राचा तुकडा आहे. मित्राला हे सांगितले, तर त्याने कागद-पेन काढून सूत्र विचारले.

उद्घाटनाला मित्राच्या मावशी आल्या. चार चित्रे त्यांनी मुकाट्याने पाहिली. पाचव्यापाशी थांबल्या.

"हे वाकडं का लावलंय रे?"

मी पान ४ उघडून हातात दिले. त्यांनी चष्मा चढवला आणि दोन्ही परिच्छेद अखेरपर्यंत वाचले. माझ्या माहितीप्रमाणे असे करणाऱ्या त्या पहिल्याच.

"म्हणजे याच्या घरी खिळा छोटा होता."

"हो, मावशी."

"इथला तर चांगला मोठा आहे."

मला मार्मिक म्हणायचा मोह झाला. तेवढ्यात त्यांनी पर्स माझ्याकडे दिली, फ्रेमला दोन्ही हातांनी धरले आणि सरळ केले. त्यासरशी पान ४ खोटे पडले.

मावशी बटाटेवड्यांकडे वळल्या. मी आजूबाजूला पाहिले, मोबाइलवरची लेव्हल उघडली आणि फ्रेम पुन्हा चार अंश उजवीकडे नेली. ३०० प्रती छापून झाल्या होत्या.