धूर सोडणाऱ्यांचं भाग्य

महाराष्ट्र सरकारच्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाला नावं ठेवणारी माणसं कृतघ्न आहेत. रस्ता कर माफ, जीएसटी तर देशभरच अवघा ५ टक्के आणि ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवरचा अडीचशे रुपयांचा टोलही माफ. बोरिवलीच्या गाडीमालकाने आता फक्त सेतूच्या शिवडीच्या टोकापर्यंत पोचायचं बाकी आहे. तोवर द्रुतगती महामार्गावर बंपरला बंपर लावून उभं राहायचं, पण धूर न काढता. कोंडी तीच, प्रत मात्र केवढी सुधारली!

सरकारचं मनही मोठं आहे. विजेच्या गाडीचे लाड करताना पेट्रोलच्या गाडीला ते सावत्रपणाने वागवत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुलुंड-दहिसरसह मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर साऱ्याच हलक्या वाहनांना टोल माफ झाला. हवामान बदलाचा त्रास डिझेलवाल्यांनाही होतोच की.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला, तेव्हा काळजात चर्र झालं. बिचाऱ्यांनी हप्ते भरायचे की वसुंधरा वाचवायची? महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेतला. गोरगरिबांची हाक इतक्या लवकर क्वचितच ऐकू जाते.

वीज येते कुठून, असंही काही जण खोचकपणे विचारतात. पश्चिम उपनगरांना वीज पुरवणारं डहाणूचं ५०० मेगावॉटचं केंद्र कोळशावर चालतं. म्हणजे अंधेरीत निघायचा तो धूर आता चिकूच्या वाड्यांशेजारी निघतो. हवापालट धुरालाही हवाच.

लोकसहभागाचं तर काय वर्णावं! चार्जरची एनओसी सोसायटीच्या पुढच्या सभेत, आणि ती सभा कोरमअभावी त्याच्या पुढच्या आठवड्यात. तोवर तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून वायर खाली सोडायची. दुसऱ्या मजल्यावरचे टॉवेल चुकवत ती पार्किंगमधल्या स्कूटरपर्यंत उतरते. एक्स्टेन्शन बोर्डाला पावसात प्लास्टिकची पिशवी बांधायचं काम वॉचमनकडे. पृथ्वी वाचवण्याचा त्याला वेगळा पगार नाही.

राहता राहिलं बसवाल्यांचं रडगाणं. ९ मे २०२५ ला बेस्टचं किमान भाडं दुप्पट झालं: साध्या बसचे ५ चे १०, एसीचे ६ चे १२. त्याच महिन्यात नव्या वाहन धोरणाचा शासन निर्णय निघाला. एसी बसगाड्यांतल्या बऱ्याचशा विजेवरच धावतात, मग त्यांतल्या प्रवाशांना सवलत का नाही? प्रश्न अडाणीपणाचा आहे. प्रोत्साहन मिळतं ते धूर थांबवणाऱ्याला. घाटकोपर स्टेशनबाहेर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी जन्मात गाडी घेतली नाही. त्या थांबवणार काय? प्रदूषण कमी करायचं तर ते आधी हाताशी असावं लागतं. ती पुंजी त्यांनी कधी जमवलीच नाही.

बाईंना माझा सल्ला असा: आधी कर्ज काढून एक जुनी डिझेल गाडी घ्यावी, चार-दोन वर्षं मनसोक्त धूर सोडावा, मग पश्चात्ताप पावून विजेची घ्यावी. वाल्मीकी व्हायचं तर आधी वाल्या व्हावंच लागतं. गाडी लावायला जागा नसेल, तर बसथांबा आहे. बेस्टच्या मालकीच्या बसगाड्या आता काही शेकड्यांवर आल्या आहेत. तिथून कोणी घाईने उठवणार नाही.