पॉइंटभाऊ

गोव्यातल्या आमच्या हळर्णात कुठल्याही दुकानाचा पत्ता पॉइंटभाऊंना विचारू नये. ते आकडा सांगतात. भुसारी दुकान ५४११, औषधांचं ५९१२, न्हावी ७२३०, पेट्रोल पंप ५५४१ आणि बार ५८१३. जगभरच्या दुकानांना कार्ड कंपन्यांनी अशी चार आकडी गोत्रं वाटून दिली आहेत. कुठल्या गोत्रात खर्च केला की किती पॉइंट पडतात आणि कुठे शून्य, हे भाऊंना तोंडपाठ. ‘काल ५८१३ला दिसला नाहीस?’ असं ते तिठ्यावर मित्राला विचारतात, तेव्हा परगावचा पाहुणा कान टवकारतो. त्याला वाटतं, मटक्याचा आकडा फुटला.

खरं नाव आता पोस्टमनलाच ठाऊक असेल. म्हापशाला सरकारी कचेरीत नोकरी, दोन मुलं, थोडी काजूची बागायत, आणि क्रेडिट कार्डं इतकी की पाकीट मागच्या खिशात ठेवून बसले तर भाऊ एका बाजूला कलंडतात. त्यांना कंजूष म्हणणारे गावात आहेत, पण तो अन्याय आहे. कंजूष माणूस खर्च टाळतो. भाऊ खर्च शोधत फिरतात. तो दुसऱ्याचा असावा, एवढीच अट.

कुणाच्या घरी फ्रिज घ्यायचं ठरतंय, कुणाच्या पंपाची मोटर जळलीय, कुणाच्या मुलीला लॅपटॉप हवाय, याची बातमी त्यांना घरच्यांच्या आधी लागते. संध्याकाळी ते त्या घराच्या बल्काववर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, हजर. चहा होतो, हवापाण्याच्या गोष्टी होतात, आणि मग मुद्दा येतो: ‘तू रोख मला दे. कार्ड मी मारतो.’ चतुर्थीच्या आधीचा महिना म्हणजे त्यांचा हंगाम. गाव गणपतीच्या तयारीला लागलेलं असतं आणि भाऊ गावाच्या.

एका फ्रिजचा हिशेब त्यांच्याच वहीतला सांगतो. किंमत चाळीस हजार. कार्ड साधं, शंभर रुपयांमागे दोन पॉइंट देणारं, म्हणजे आठशे पॉइंट. पॉइंटाची किंमत पंचवीस पैसे, म्हणजे दोनशे रुपये. ते वटवायला बँकेचं शुल्क ९९ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११७ गेले. उरले ८३. म्हापशाला फ्रिज बघायला दोनदा गाडी नेली त्याचं पेट्रोल या वहीत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘पेट्रोलावर पॉइंट नाहीत, मग ते कशाला धरायचं?’

या माणसाच्या डोक्यात दोन खाती आहेत. एका खात्यात पैसे, दुसऱ्यात पॉइंट, आणि दोन्हींचा एकमेकांशी व्यवहार नाही. पैशाच्या खात्यात ते तुमच्या-माझ्यासारखेच, महिनाअखेरीला ओढग्रस्त. पॉइंटांच्या खात्यात मात्र जमीनदार.

सिमेंटची गोष्ट पेडण्यापर्यंत पोचलेली आहे. बाजारातल्या एका हार्डवेअरवाल्याच्या कार्ड मशीनला, ते देताना, कुणाच्या तरी चुकीनं उपाहारगृहाचा आकडा लागला होता, ५८१२. दुकानदाराला त्याचा पत्ता नव्हता. भाऊंनी खिळे घेतले, बिलाखाली ‘डायनिंग’ असं वाचलं, आणि त्यांची झोप उडाली. त्यांच्या एका कार्डावर हॉटेलच्या जेवणाला पाचपट पॉइंट होते. कुंपणाची भिंत दोन वर्षं रखडलेली, ती त्या आठवड्यात उभी राहिली. पाठोपाठ शेजाऱ्याची, मग मेहुण्याची न्हाणीघराची फरशी. महिन्याचं स्टेटमेंट वहिनींच्या हाती पडलं. एका महिन्यात नवऱ्यानं एकट्यानं अठ्ठावीस हजारांचं जेवण केलेलं पाहून त्यांनी काही न बोलता त्या रात्री ताटच वाढलं नाही. भाऊंनी त्यांना बॅटरी घेऊन बाहेर नेलं, भिंत दाखवली आणि म्हणाले, ‘ही बघ. जेवलो ते हे.’

मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ला सुरू झाला. तालुक्यात कुणी नोकरीचा विचार केला, कुणी टॅक्सीचा, कुणी त्यात गेलेल्या जमिनीचा. भाऊंनी लाउंजचा केला. कार्ड दाखवायचं, मशीन दोन रुपये कापतं, आत इडली, पुलाव, कॉफी, हवं तितकं. मात्र आत जायला त्या दिवसाचं विमानाचं तिकीट लागतं, आणि हल्ली बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असावा लागतो. त्यामुळे भाऊ दर तिमाहीला मुंबईला बहिणीकडे जातात. बहिणीला वाटतं, वय झालं तशी भावाची माया वाढली. तिची एकच तक्रार असते, की आला की जेवत नाही, भूक नाही म्हणतो.

सर्वांत मोठी मोहीम मासळीवालीची. २०२२पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, ही बातमी भाऊंनी स्वातंत्र्य मिळाल्यासारखी सांगितली होती. पण ते कार्ड दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, खासगी खात्याच्या नाही, आणि दारावर येणाऱ्या बाईच्या टोपलीला बांधलेला क्यूआर तिच्या लेकाच्या खात्याचा. भाऊंनी तिला बसवून समजावलं, लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर काही कापत नाहीत हे पटवलं, अर्ज भरला, फोटो काढला, बोलणारा डबाही आणवला. आता दोनशेच्या बांगड्यांवर चार पॉइंट पडतात, म्हणजे एक रुपया. पूर्वी ती हिशेब झाल्यावर दोन बांगडे वर टाकायची. डब्यानं मोठ्यानं ‘दोनशे रुपये प्राप्त’ म्हटल्यावर वर टाकायचं कसं? ते बंद झालं. वहिनींनी हे भाऊंना सांगितलं. भाऊ म्हणाले, बांगडे पॉइंटांच्या खात्यात येत नाहीत.

गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या बाजारात मात्र ते हरले. रानातून कांगलां, घागऱ्या, सुपारीचे घोस घेऊन बसलेल्या म्हातारीला त्यांनी विचारलं, ‘आजी, क्यूआर आसा?’ तिनं वर न पाहताच सांगितलं, ‘पैशे दी आनी व्हर.’

हळर्णाचा इतिहासही त्यांनी याच नजरेनं वाचलाय. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्केस द कास्तेलो नोवो यानं शापोऱ्याकाठचा आमचा गड सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला, आणि १७४८ मध्ये त्याची पदवी बदलून तो मार्केस द आलोर्ना झाला. आलोर्ना म्हणजे हळर्ण. पुढे तहात गड भोसल्यांकडे परत गेला, नंतर पुन्हा पोर्तुगीजांकडे आला. पदवी मात्र घराण्यातून हलली नाही. त्याची नात लिओनोर पोर्तुगीज साहित्यातली नावाजलेली कवयित्री. तीही चौथी मार्केझा द आलोर्ना, आणि हळर्णाची माती तिनं आयुष्यात पाहिली नाही. पाहुण्यांना गड दाखवायला नेलं की सगळे तटबंदीचे फोटो काढत असतात आणि भाऊ बुरुजापाशी थांबून हळहळतात: ‘माल रिटर्न गेला तरी पॉइंट कापले नाहीत. वर वारसांना ट्रान्सफर. असं कार्ड आता कुठली बँक देते?’

त्यांचा एक परदेशी आदर्शही आहे. कॅलिफोर्नियातला डेव्हिड फिलिप्स. १९९९ साली एका खाद्य कंपनीनं वेष्टणावरच्या पट्ट्या पाठवणाऱ्यांना विमान कंपन्यांचे माइल्स देऊ केले. या इंजिनिअरनं पंचवीस सेंटांच्या पुडिंगचे कप धुंडाळून १२,१५० विकत घेतले. खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास, आणि पदरात साडेबारा लाख माइल्स. पट्ट्या सोलायला माणसं हवीत म्हणून पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान केलं. माणसं मिळाली आणि करसवलतही. करसवलतीच्या वाक्यावर भाऊंचा आवाज दरवेळी कातर होतो.

आता गावाची बाजू. हळर्ण भाऊंना हसतं, पण हसता हसता शिकलंय. भाऊंच्या मोठ्या कार्डाचं बिल अठरा तारखेला निघतं, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एकोणीस तारखेला केलेल्या खरेदीचे पैसे बँकेला द्यायला जवळजवळ पन्नास दिवस मिळतात. म्हणून हल्ली भाऊंना कुणाच्या बल्काववर जावं लागत नाही. एकोणीसच्या सकाळी लोकच येतात. मार्चमध्ये गवत कापायचं यंत्र घ्यायचं, काजूबिया विकून एप्रिल संपता संपता भाऊंना पैसे द्यायचे. पूर्वी यासाठी पेडण्याच्या दुकानदारापुढे उधारीच्या वहीत नाव लिहून घ्यावं लागायचं, त्याचं तोंड बघावं लागायचं. आता बँकेचा पैसा बिनव्याजी हळर्णात फिरतो आणि बँकेला हळर्ण कुठे आहे तेही ठाऊक नाही. क्रेडिट कार्डाचा हुशारीनं वापर कसा करावा यावर भाऊ तासभर बोलू शकतात. तो वापर गाव करतं, स्वतःचं कार्ड न काढता.

तारीख चुकली तर काय होतं, तेही एका वर्षी झालं. शेजारच्या बागायतदारानं यंत्राचे पैसे लांबवले. काजूचा दर वर चढेल म्हणून बिया विकायच्या राहिल्या होत्या. भाऊंनी हाताशी होते तेवढे भरले, उरलेल्यावर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज लागलं, आणि तेही खरेदीच्या दिवसापासून लागलं. वर व्याजावर जीएसटी. त्या एका बिलात वर्षभराचे पॉइंट वाहून गेले. वहिनींनी दुसरी वही काढली, तीत पैसे मांडले आणि ती भाऊंपुढे उघडी ठेवून त्या माहेरी मांद्र्याला निघून गेल्या.

बागायतदार मे महिन्यात पैसे घेऊन आला. मुद्दल पुरेपूर दिलं. व्याजाचा विषय निघाल्यावर त्यानं कॅन पुढे केला. स्वतःच्या भट्टीचा काजूचा हुराक, मोसमातला शेवटचा. भाऊंनी मिरची चिरली, मीठ काढलं, लिमका ओतली. पहिला पेला होईस्तोवर ते बोटांवर मोजत होते, की एवढा हुराक ५८१३ला घेतला असता तर पॉइंट किती पडले असते. दुसऱ्या पेल्याला बागायतदारानं सहज विचारलं, ‘भाऊ, पंपाची मोटर गेलीय. एकोणीसला म्हापशाला जायचं का?’

‘दुकान कुठलं?’ भाऊंनी विचारलं. ‘५२५१ असेल तर दुसरं कार्ड काढतो.’