इनटेकवीर

इनटेकवीर बहुधा पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला आढळतो. गाडी पोलो जीटी टीएसआय. २०१३ साली आली, चाकणलाच बनली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. हिंजवडीच्या संध्याकाळच्या रांगेत त्यातले दोन घोडे पळाले तरी नशीब. पण याचं दुःख निराळंच. "काका, कंपनीवाले गाडीला श्वासच घेऊ देत नाहीत हो!"

मग इनटेक, म्हणजे इंजिनाची हवा ओढायची वाट, बदलायला घेतली जाते: कंपनीचा काळा एअरबॉक्स आणि त्यातला साधा कागदी फिल्टर निघतो. त्या जागी लाल, शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि मनगटापेक्षा जाड सिलिकॉनचा पाइप येतो. बिल पाहून श्वास अडकतो तो घरच्यांचा. बायको एवढंच म्हणते, "तुझ्या गाडीची छाती भरून झाली असेल तर स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी काढ. दिवाळीपासून तुंबलीय."

ताकद किती वाढली, हे मात्र विचारू नये. टर्बोने किती दाब द्यायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. हवेची वाट रुंद केली म्हणून तो आपला हुकूम बदलत नाही. त्या संगणकाचं गणित बदलणाऱ्या रिमॅपशिवाय नुसत्या पाइपाने फारसं हाती लागत नाही. उलट कंपनीचा बिचारा डबा पुढच्या जाळीमागची थंड हवा आणत होता. हा उघडा फिल्टर ट्रॅफिकमध्ये इंजिनाच्या शेजारी बसून तिथलीच कढत हवा ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. हे सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं (मला शिकवलं त्यानेच). तरी म्हणतो, "पण पिकअप जाणवतो, काका!" जाणवतो तो आवाज. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की 'फुऽऽश', सोडला की 'फिस्स'. त्या 'फिस्स'साठी त्याने वॉचमनलासुद्धा गेटपर्यंत फिरवून आणलंय.

थंडी पडली की लोक स्वेटर काढतात, हा गाडी काढतो. रविवारी पहाटे, दाट हवेच्या ओढीने, एक्स्प्रेसवेवर. तिथे १००ची मर्यादा आणि वर कॅमेरे. मग वेगाची हौस आवाजावर भागवायची: कामशेतच्या बोगद्यात सगळ्या काचा खाली, गिअर एक उतरवलेला, आणि मागच्या सीटवर कानटोपीतली आई.

मूळचा डबा माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, जुन्या चादरीत गुंडाळलेला असतो. सर्व्हिस सेंटरवाले नाक मुरडतात म्हणून आदल्या रात्री तो खाली उतरतो आणि दातांत टॉर्च धरून परत बसवला जातो. मागच्या खेपेला तिथल्या पोराने चक्कर मारून आणली आणि मनापासून म्हणाला, "काय ठेवलीय गाडी, साहेब! आवाज म्हणून नाही." तो अपमान पचायला पुढचा रविवार उजाडावा लागला.