धावपट्टी आणि वरची खोली

वर्धा जिल्ह्यात सहा नगरपरिषदा आणि चार नगरपंचायती आहेत. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी रेल्वे. आणि मग सेलू, समुद्रपूर, आष्टी, कारंजा. यांतल्या कुठल्या गावात माझं घर आहे ते सांगणार नाही. पुढे जे घडलं त्यात आमच्या नगरपरिषदेचा काडीचाही दोष नाही, आणि माझी अब्रू आमच्या गावात पुरेशी गेलेली असल्यामुळे उरलेल्या नऊ गावांत तरी ताठ मानेने तर्रीपोहे खाता यावेत, एवढीच इच्छा आहे.

तर मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. ‘सार्वजनिक वित्त’ हा पेपर माझ्याकडे असायचा, आणि त्यातला स्थानिक स्वराज्य संस्थांच्या उत्पन्नाचा भाग आला की मला तास संपल्याची घंटा ऐकू येत नसे. पोरांना ती आधीच ऐकू येत असे. 1965 चा नगरपरिषद अधिनियम, घराचं वार्षिक भाडेमूल्य, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा, उरेल ते करयोग्य मूल्य, दर चार वर्षांनी नवी आकारणी, 1999 मध्ये गेलेली जकात आणि तेव्हापासून मुंबईच्या अनुदानाकडे डोळे लावून बसलेल्या नगरपरिषदा, हे सगळं मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकत होतो. घरचं मालमत्ता कराचं बिल मात्र बायको भरायची, पाणीपट्टीही तीच भरायची, आणि भरलेल्या पावत्या कुठे ठेवतात हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. रव्याच्या डब्यामागे ठेवतात.

सगळा घोटाळा अमेरिकेला जाऊन आल्यामुळे झाला. लेक आणि जावई नेब्रास्का राज्यातल्या एका चिमुकल्या गावात राहतात. चहूकडे मका, मधे गाव, गावात आपली लेक. या राज्याची गंमत अशी, की तिथे घरोघरी वीज पुरवणारी खासगी कंपनीच नाही. वीज सगळी सार्वजनिक मालकीची, कुठे जिल्ह्याच्या मंडळाची तर कुठे थेट गावाची. जावयाने मला महिन्याचं बिल दाखवलं. वीज, पाणी, सांडपाणी, कचरा, सगळं एका कागदावर, आणि वर नाव गावाचं. एवढ्यावर भागलं असतं तर मी नुसता प्रभावित होऊन परत आलो असतो, पण त्या गावाला स्वतःचा विमानतळही होता. विमानतळ म्हणजे एक डांबरी पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी नळी आणि मक्यावर फवारणी करणारी दोन-तीन विमानं. पण होता नगरपरिषदेचा! अशा छोट्या धावपट्ट्यांच्या सुधारणेला शंभरातले नव्वद-पंचाण्णव डॉलर वॉशिंग्टनहून येतात आणि उरलेल्यांची सोय गावाला करावी लागते, हे ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. अनुदान तिथेही होतं. म्हणजे माणसं आपलीच.

जावई बिचारा मला नगरपरिषदेची सभा बघायला घेऊन गेला. विषयपत्रिकेवर पाण्याचा पंप, विमानतळावरच्या एका शेडचं भाडं आणि पुढच्या वर्षीचा कर. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, ‘गावकऱ्यांपैकी कुणाला काही बोलायचंय का?’ आता मी गावकरी नव्हतो, पण बोलायचं होतं. मी उठलो आणि भारताच्या 74 व्या घटनादुरुस्तीवर बोललो. बाराव्या अनुसूचीतल्या अठरा विषयांपैकी अकराव्यापर्यंत पोचलो तेव्हा जावयाने माझ्या हातातला गोरसपाक बिस्किटांचा डबा काढून घेऊन सभासदांमध्ये फिरवायला सुरुवात केली. सगळ्यांनी गोरसपाक खाल्ला, माझे मनापासून आभार मानले आणि दिवे बंद केले.

परत आलो तो भारावूनच. आमच्या कट्ट्यावर तेव्हा वातावरणही तापलेलं होतं. 16 एप्रिल 2025 ला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं होतं, त्यामुळे कट्ट्यावरचा प्रत्येक जण स्वतःचं काहीतरी हिरावून घेतल्यागत बोलत होता. नागपूरचा विमानतळ आहेच, समृद्धी महामार्गाने गेलं तर चहा थंड व्हायच्या आत पोचतो, पण तो नागपूरचा. ‘अन् सिंदी रेल्वेला ड्राय पोर्ट होऊन राहिलं,’ एक जण म्हणाले. ‘समुद्र नाही तिथं बंदर होते, तर आपल्याकडं आभाळ असून विमानतळ काहून नाही?’ या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. खरं तर होतं. विमानतळ हा विषय केंद्र सूचीतला, 29 वी नोंद. नगरपालिकांच्या अठरा विषयांत पाणी आहे, दिवाबत्ती आहे, स्मशान आहे, कोंडवाडा आहे, आणि वाहतुकीच्या नावाने मजल फार तर बस थांब्यापर्यंत जाते. हे मीच वर्षानुवर्षं शिकवलेलं. पण समोर चहा असला आणि सगळे ‘सर, तुम्हीच लिहा आता’ म्हणत असले की राज्यघटना आठवत नाही.

मी निवेदन लिहिलं. नेब्रास्का टाकलं. स्वातंत्र्यानंतर 1949 पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथली टपालाची विमानं मध्यरात्री नागपूरला एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करून परत जायची, तेही टाकलं, म्हणजे विदर्भाच्या आभाळाला उड्डाणाची परंपरा आहे हे सिद्ध व्हावं. जुलै 1942 मध्ये वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणी भरली त्या वेळी जिल्ह्यात विमानतळ असता तर इतिहास कसा बदलला असता, असाही एक परिच्छेद होता. कसा ते लिहिलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी माझ्या बुद्धीची कमाल: ‘आम्ही सर्व नियमित करदाते’ या शब्दांना वजन यावं म्हणून प्रत्येकाने सहीपुढे आपला मालमत्ता क्रमांक लिहावा, असा मी आग्रह धरला. एक-दोघे कुरकुरले. मी त्यांना नागरिकशास्त्र ऐकवलं. त्यांनी लिहिला.

याच सुमारास आम्हाला नव्या आकारणीची नोटीस आली. मी अमेरिकेत असताना टॅब घेऊन सर्वेक्षणाची पोरं येऊन गेली होती, बायकोने त्यांना दारातूनच ताक पाजून वाटेला लावलं होतं, आणि त्यांनी बाहेरून दिसलं तेवढं घर मोजलं होतं. कर दीडपट झाला होता. बायको म्हणाली, ‘अहो, भरून टाकू. जे आहे ते बरं आहे. तुम्ही तिथं जाऊन बोलू नका.’ या वाक्यात किती अर्थ भरलेला होता, ते कळण्याइतका तिच्याबरोबर संसार मी केलाय. तरी मला वाटलं, ही कायद्याला घाबरते.

मी हरकत घेतली. सुनावणीच्या दिवशी एका हातात हरकतीचा अर्ज आणि दुसऱ्या हातात विमानतळाचं निवेदन, असा नगरपरिषदेत शिरलो. निवेदन आवक-जावकला दिलं, पोच घेतली आणि सुनावणीच्या खोलीत गेलो. समोर कर विभागातली एक तरुण मुलगी बसली होती, शांत, हसरी, पुढ्यात आमच्या घराचा कागद. बाकीची माणसं येत होती, ‘मॅडम, जास्त झालं जी, थोडं कमी करा’ म्हणत होती, आणि तिथल्या तिथे काहींचं थोडं कमीही होत होतं. मला ही भीक मागण्याची पद्धत पटली नाही. मी उभा राहून वार्षिक भाडेमूल्याची व्याख्या सांगितली. तुम्ही धरलेला भाड्याचा दर बाजारभावाशी कसा विसंगत आहे ते सांगितलं. आणि मग, कुठल्याही चांगल्या अर्थशास्त्रज्ञाने द्यावा तसा, प्रत्यक्ष पुरावा दिला.

‘हे बघा, माझ्या वरच्या खोलीत कॉलेजचा एक मुलगा भाड्याने राहतो. पंधरा बाय बाराची खोली, स्वतंत्र जिना, संडास-बाथरूम वेगळं, कुलरसुद्धा माझाच. आणि भाडं किती? दोन हजार! आता या हिशेबाने खालच्या घराला तुमचा दर लागतोच कसा?’

खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, युक्तिवाद भिडला. मुलीने पुढ्यातला कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला, आणि अगदी मायेने विचारलं,

‘काकाजी, कोणती वरची खोली?’

विनापरवाना बांधकामावर, ते तसं आहे तोवर, दरवर्षी कराच्या दुप्पट शास्ती बसू शकते. कलम 189-अ. हा प्रश्न मी पाच मार्कांना टाकायचो.

पुढच्या आठवड्यात मोजणीला माणूस आला. त्याच्याशी कसं वागायचं याची मी घरात तालीम घेतली होती. कुणी बोलायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. पण घरी पाहुणा आला की आमच्याकडे शिरा होतो, आणि शिरा खाता खाता बायकोने त्याला मागचं स्वयंपाकघर दाखवलं. ‘हे आम्ही नंतर वाढवलं, आधी इथं अंगण होतं.’ त्याने टेप लावला. वरचा भाडेकरू पोरगा स्थापत्य अभियांत्रिकीचा. त्याला कुणीतरी प्रत्यक्ष मोजमाप करतंय याचा इतका आनंद झाला की त्याने टेपचं दुसरं टोक धरलं, आणि मोजणीवाल्याच्या नजरेतून सुटलेला गच्चीवरचा पत्र्याचा शेड स्वतःहून दाखवला. मी खालून त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. ‘सर, तुमच्या डोळ्यात काही गेलं का?’ तो वरून ओरडला.

इथवर नुसता करच वाढत होता. पण तेवढ्यात नळ आले. उन्हाळ्यातल्या आमच्या नळांचं काय सांगू! हिंगणघाटला वणेचं पाणी, पुलगावला वर्धा नदीचं, वर्धा शहराला धामचं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की नद्यांसकट सगळ्यांचे हाल सारखेच. त्यात अर्धं पाणी कुलर पितो. दिवसाआड येणारं पाणी बारीक धारेने येतं आणि त्या धारेला प्रोत्साहन द्यायला गल्लीतल्या बऱ्याच घरांत नळाच्या तोंडाशी टिल्लू पंप असतो. तो लावायची परवानगी नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. आमचा उपड्या घमेल्याखाली असतो. मी त्या घमेल्यावर बसून घेतलं. माझा अंदाज असा होता की बायको आज पंप लावणार नाही. बायकोचा अंदाज असा होता की पाहुण्यांसमोर पाणी कमी पडायला नको. तिने आतून बटण दाबलं, आणि मी मोजणीवाल्याला नगरपरिषदेची आर्थिक स्थिती समजावून सांगता सांगता थरथरायला लागलो. तो सज्जन माणूस घाबरून म्हणाला, ‘सर, बीपी वाढला का? उठू नका, बसून राहा.’ मी बसून राहिलो. सुटलो असतोही. पण टाकं भरून वाहायला लागलं, आणि बायको आतून ओरडली, ‘अहो, टिल्लू बंद झाला का बघा, तुमच्या खालीच आहे!’

नव्या आकारणीचा आकडा सांगत नाही. आधीचा दीडपट कर आम्हाला आता सवलतीचा वाटतो, एवढं सांगतो.

विमानतळाच्या निवेदनाचं उत्तर मात्र पावसाळ्यात आलं, तेही लेखी, यावर माझा विश्वास बसेना. कट्ट्यावर मी ते उभं राहून वाचलं. पहिला परिच्छेद फार सुंदर होता. आपली सूचना स्वागतार्ह असून सदर विषय नगरपरिषदेच्या अधिकारकक्षेत येत नसल्याने निवेदन पुढील कार्यवाहीस्तव वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविण्यात येत आहे. टाळ्या पडल्या. दुसरा परिच्छेद ‘तथापि’ने सुरू होत होता. सरकारी मराठीत ‘तथापि’ आला की श्वास रोखून धरावा, हे मला ठाऊक होतं, पण मी मोठ्याने वाचायच्या लयीत होतो. तथापि, निवेदनावरील स्वाक्षरीकर्त्यांनी नमूद केलेल्या मालमत्ता क्रमांकांची पडताळणी केली असता त्यांपैकी बहुतांश मालमत्तांवर थकबाकी आढळून आली असून तपशील सोबत जोडला आहे.

सोबत तपशील होता. सहीच्या क्रमाने होता. कुणाची किती वर्षांची पाणीपट्टी, कुणाचा किती कर, त्यावर महिन्याला दोन टक्क्यांप्रमाणे चढलेली शास्ती, सगळं. मी पहिली दोन नावं वाचून गेलो तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण वाचतोय ते काय. तिसरं नाव सिंदीच्या बंदराचा दाखला देणाऱ्यांचं होतं. त्यांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. पहिल्या दोघांनी तो परत मागितला, कारण त्यांच्या मते न्याय सगळ्यांना सारखा हवा.

वाईट याचं वाटतं, की आम्ही कुणी गरीब नाही. सगळे पेन्शनवाले. चहाचे पैसे देण्यावरून रोज भांडणारी, ‘मी देतो, मी देतो’ म्हणणारी माणसं. पण गावाला द्यायचे म्हटलं की आमचा हात खिशात जातो आणि तिथेच राहतो, आणि मग आम्ही धावपट्टी मागतो.

अशा वेळी नगरसेवकाकडे जाऊन रडावं अशी रीत आहे, पण नगरसेवकच नव्हते. मुदती संपल्यापासून कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. शेवटी 2 डिसेंबर 2025 ला मतदान ठरलं, काही ठिकाणचं 20 डिसेंबरवर गेलं, आणि 21 तारखेला सगळीकडचे निकाल लागले. प्रचारात एक तरुण उमेदवार आमच्या दारी आला. मी त्याला थांबवून कर, पाणी आणि विमान वाहतूक या तिन्ही विषयांवर त्याची भूमिका विचारली. तो हात जोडून ऐकत राहिला, मग त्याचा चेहरा एकदम उजळला. ‘सर, तुम्ही ते वरच्या खोलीवाले ना?’ बरोबरच्या पोरांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला.

कट्टा हळूहळू पूर्ववत झाला. सरकारने नगरपरिषदांच्या थकबाकीदारांसाठी शास्तीत सूट देणारी अभय योजना काढली होती, आणि तिचा फायदा घ्यायचा की नाही यावर परवा चर्चा रंगली. अर्ज करावा लागतो, त्यात मुद्दे नीट मांडावे लागतात. मी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणालो, ‘त्यात काय, सगळ्यांचे अर्ज मी लिहून देतो.’

सगळे एकदम उठले. चहाचे पैसे देण्यावरून त्या दिवशी कुणी भांडलंही नाही.