झाकली मूठ ५३१ ची

कै. डिजिनोटार बी. व्ही. यांस,
मु. पो. बेव्हरवाइक, नेदरलँड्स

सा. न. वि. वि.

२० सप्टेंबर २०११ रोजी तुमचे दिवाळे निघाले, तेव्हा या पत्राला उत्तर येणार नाही हे मी धरूनच चालतो. तसे तर हयात असतानाही तुम्ही कुठे काही सांगत होतात? आता निदान गप्प राहायला सबळ कारण आहे.

तुमचा धंदा मात्र मोठा सोवळ्यातला. जन्म नोटरी मंडळींच्या पुढाकाराने, आणि विकायचे काय, तर विश्वास. ‘हे खरोखरच जीमेल आहे ना?’ असा प्रश्न ब्राउझरला पडला की त्याने तुमच्यासारख्या कोणाची तरी सही बघायची आणि आम्हाला कुलपाचे चित्र दाखवायचे. अशा सह्या करणाऱ्या कितीतरी संस्था जगभर पसरलेल्या, आणि त्यांतली कोणीही कुठल्याही वेबसाइटच्या नावाचे प्रमाणपत्र काढू शकते. गूगलने तुमच्याकडे काही मागितले नव्हते. तरी १० जुलै २०११ रोजी तुमच्या यंत्राने गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र काढून दिले, तेही पुढे तारांकन लावलेले, म्हणजे जीमेलपासून सगळे त्यात आले. कर्णाला निदान कवचकुंडले मागणारा कोण आहे, याची कल्पना तरी होती.

ते काढून घेणारा घुसखोर पाहुणा जूनपासून तुमच्या घरात वावरत होता. नंतर फॉक्स-आयटी या कंपनीने तुमचे घर तपासले, तो अहवाल मी अधूनमधून वाचतो, करमणूक होते. सह्या करणारे सर्व्हर ठेवलेली खोली अशी भक्कम, की आतल्या यंत्रांच्या विद्युतलहरीसुद्धा बाहेर पडू नयेत. एवढेच, की कंपनीच्या आतल्या नेटवर्कवरून त्या सर्व्हरपर्यंत जाता येत होते. सगळे सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये, एक नाव आणि एक पासवर्ड मिळाला की सगळे आपलेच. आणि तो पासवर्डही फार डोके न चालवता फुटणारा. तपासलेल्या सर्व्हरवर अँटिव्हायरस नाही. काय काय सही करून बाहेर गेले, याच्या नोंदी त्याच घरात, त्याच चोराच्या हाताशी. त्याने त्या पुसल्या. मग स्वतःच्याच सहीची किती प्रमाणपत्रे बाहेर फिरताहेत, हे तुम्हालाही सांगता येईना.

पण खरी कमाल १९ जुलैची. त्या दिवशी तुम्हाला घरफोडी कळली. सापडली तेवढी प्रमाणपत्रे तुम्ही रद्द केलीत, बाहेरच्या तपासनिसाकडून ‘सगळे आलबेल’ असे वदवून घेतलेत आणि आळीमिळी गुपचिळी! गूगलला कळवले नाही, ब्राउझरवाल्यांना नाही, डच सरकारलाही नाही.

ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका माणसाने जीमेल उघडायला घेतले आणि क्रोमने त्याला हटकले. आपल्या वेबसाइटना कोणाकोणाच्या सह्या चालतात, याची यादी गूगलने क्रोममध्येच भरून ठेवली होती आणि तीत तुमचे नाव नव्हते. बाकी ब्राउझरांनी निमूट कुलूप दाखवले. त्या खोट्या प्रमाणपत्राच्या सावलीत आलेले सुमारे तीन लाख आयपी पत्ते मोजले गेले, त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक इराणचे. तिथे कोणाची पत्रे कोण वाचत असेल आणि वाचून काय करत असेल, हे मी बेव्हरवाइकच्या सुसंस्कृत वस्तीत सांगत बसत नाही. मोजता आली तेवढी खोटी प्रमाणपत्रे निघाली ५३१. तुमच्या मालक कंपनीने, व्हॅस्कोने, जाहीर केले की या प्रकाराचा आमच्या उत्पन्नावर फारसा परिणाम होईल असे वाटत नाही. ३ सप्टेंबरला रात्री एक वाजून गेल्यावर डच गृहमंत्री डोनर पत्रकारांना सांगत होते, की सरकारी वेबसाइट सुरक्षित असल्याची हमी देता येत नाही.

तुमच्या पश्चात तुमचे स्मारक झाले, हे कळवायला आनंद वाटतो. गूगलच्या बेन लॉरी, अ‍ॅडम लँग्ली प्रभृतींनी ‘सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी’ नावाची सार्वजनिक नोंदवही काढली. २०१३ मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्र दिले की ते या वहीत चढवायचे. वहीची बांधणी अशी, की मधले पान फाडले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो आणि चोरी उघडी पडते. एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रावर अशा वहीची पोच नसेल तर क्रोम ते मानत नाही. अ‍ॅपलने त्याच वर्षी री ओढली. फायरफॉक्सला २०२५ उजाडावे लागले; असो.

वहीने चोरी थांबते का? तुमच्या लाडक्या पाहुण्याला ती थांबवू शकली नसती. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर नाव बदलायचे असले की तलाठी फेरफाराची नोटीस चावडीवर लावतो, हरकतीला पंधरा दिवस. तेवढ्याने खोटे खरेदीखत करणारा थांबत नाही. पण पुण्यातल्या चुलतभावाच्या ती नजरेस पडली, तर पुढचे रामायण घडते. न पडली, तर कागद उन्हाने पिवळा होतो.

वाचणारा असला की काय होते, ते सिमँटेकला विचारा. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांच्या थॉट या शाखेने गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र, गूगलला न विचारता, ‘चाचणीसाठी’ म्हणून काढले. मुदत एका दिवसाची. वहीत दिसले. सिमँटेकने चौकशी करून सांगितले, अशी २३ आहेत. गूगलने वही चाळली तर थोड्याच वेळात आणखी सापडली. पुन्हा मोजदाद: आणखी १६४, शिवाय ज्यांची नोंदणीच कधी झाली नव्हती अशा डोमेनची २,४५८! तुमच्या पद्धतीने झाले असते तर हिशेब २३ वर मिटला असता. २०१४ मध्ये आमच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या नावावर गूगलची खोटी प्रमाणपत्रे निघाली, तेव्हाही अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या आमच्या सरकारी नियंत्रकांनी आकडा सांगितला चार, आणि गूगल म्हणाले की आम्हाला याहून जास्त ठाऊक आहेत. मूठ झाकायची हौस तुमच्या एकट्याची नव्हती.

आणि वाचणारा नसला की? क्रोएशियाच्या फिना या संस्थेने फेब्रुवारी २०२४ पासून क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या पत्त्यासाठी बारा प्रमाणपत्रे परस्पर काढली. फिनाच्या मते चाचणीतली चूक. ती प्रमाणपत्रे मानणारे बड्या कंपन्यांपैकी मायक्रोसॉफ्टच काय ते, म्हणून अनर्थ टळला. पण वहीत नोंद होती. क्लाउडफ्लेअर स्वतः अशी वही चालवते, इतरांना वहीतल्या नोंदींचे इशारे पाठवते. स्वतःच्या नावावरच्या या नोंदींचा पत्ता तिला लागला सप्टेंबर २०२५ मध्ये.

तेव्हा माझे मत असे: वही चोराला अडवत नाही, तुम्हाला अडवते. १९ जुलैला गप्प बसण्याची जी सोय तुम्हाला होती, ती आता कोणाला नाही. इराणी माणूस उघड्यावर राहिला तो चोराच्या हुशारीने कमी आणि तुमच्या गप्प बसण्याने जास्त.

आपला,
कुलपाचे चित्र बघून पासवर्ड टाकणारा

ता. क. पत्र खुले आहे म्हणून वाचकांना विनंती. तुमची पतसंस्था, शाळा, दुकान, दिवाळी अंक, कशाचीही वेबसाइट असेल तर सीआरटी डॉट एसएच या ठिकाणी जाऊन तिचे नाव टाका. पैसे पडत नाहीत, खाते उघडावे लागत नाही. तुम्ही न मागितलेले प्रमाणपत्र दिसले तर ते देणाऱ्या संस्थेला त्याच दिवशी लिहा. तक्रार मिळाल्यापासून २४ तासांत चौकशी करून प्राथमिक उत्तर देणे तिच्यावर बंधनकारक आहे.